जातें गहाण ठेवावें काय?

ऋणाविषयीं आमच्या व्यासपीठांवरून जें बोललें जातें तें बहुधा एकाच वाक्यांत संपतें : घेतलेलें फेडावें. अन्नाविषयींहि असेंच एक वाक्य आहे : पुढें येईल तें उपकारस्तुति करून खावें. दोन्ही वाक्यें खरीं आहेत, आणि दोहोंवर आम्हीं आजवर पुष्कळ उपदेश केले आहेत. परंतु हीं दोन वाक्यें एकाच माणसाच्या एकाच महिन्याच्या पगारांत समोरासमोर येऊन उभीं राहिलीं म्हणजे काय करावें, हें आम्हांस सेमिनरींत कोणीं शिकविलें नाहीं, आणि आम्हींहि कोणास विचारलें नाहीं. ज्या प्रसंगानें हा प्रश्न आमच्या गळ्यांत पडला तो सांगतांना संकोच वाटतो, कारण त्यांत चूक आमची होती. तरी सांगतों.

मेहकर तालुक्यांतील एका खेड्यांत आमच्या मंडळींतलें एक कुटुंब राहतें. दोन एकर कोरडवाहू जमीन, तींत सोयाबीन आणि तूर. उरलेले दिवस दुसऱ्याच्या शेतांत निंदणी-खुरपणी. मुलगा हुशार निघाला. सन २०१८ मध्यें त्यानें अभियांत्रिकी महाविद्यालयांत नांव घातलें, आणि दरसाल एक लाख याप्रमाणें चार वर्षांत चार लाख रुपये शैक्षणिक कर्ज काढलें. कर्ज कां काढलें असें कोणीं विचारील. आमच्यांतील पुष्कळ घराणीं पूर्वीच्या अस्पृश्य जातींतून आलेलीं आहेत. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणें अनुसूचित जातींचे हक्क प्रथम हिंदूंपुरते होते, पुढें ते १९५६ मध्यें शिखांस व १९९० मध्यें बौद्धांस मिळाले, ख्रिस्ती लोकांस मिळाले नाहींत. त्यामुळें भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या मुलास जी शिष्यवृत्ति मिळते ती आमच्या मुलास मिळत नाहीं, आणि बँकेचें दार आधीं ठोठावावें लागतें.

चार लाखांपर्यंतच्या अशा कर्जास बँका तारण मागत नाहींत. आईबाप सहकर्जदार म्हणून सही करतात एवढेंच. शिक्षण पुरें होऊन पुढें एक वर्ष जाईपर्यंत हप्ता सुरू होत नाहीं, हें ऐकून सर्वांस हायसें वाटलें. हप्ता नाहीं म्हणजे व्याजहि नाहीं, असा त्या घराचा समज होता. खरें सांगावयाचें तर आमचाहि तोच होता.

व्याज पहिल्या दिवसापासून चालतें. शेंकडा १० दरानें पहिल्या लाखाचें पांच वर्षांचें ५० हजार, दुसऱ्याचें चार वर्षांचें ४० हजार, तिसऱ्याचें ३०, चौथ्याचें २०, असे मिळून १ लाख ४० हजार रुपये सन २०२३ च्या जुलैंत मुद्दलांत मिळाले, आणि चार लाखांचे ५ लाख ४० हजार झाले. दहा वर्षांच्या मुदतीनें महिन्याचा हप्ता बसला ७,१३६ रुपये. मुलगा तेव्हां चाकणच्या बाजूस एका कारखान्यांत लागला होता. हातांत पडत १६ हजार. त्यांतून हप्ता गेला, खोलीचे ३ हजार गेले, घरीं २,५०० पाठविले, बसभाडें व फोन यांस १,२०० लागले, म्हणजे पोटासाठीं राहिले २,१६४. दिवसाचे ७२ रुपये. सकाळीं चहा आणि बिस्किटें, दुपारीं वडापाव, रात्रीं खोलींत शिजविलेला भात आणि लोणचें. त्यानें एकहि हप्ता चुकविला नाहीं.

त्या सालीं नाताळास तो गांवीं आला, तेव्हां त्याच्या अंगावरचा सदरा सैल झालेला आम्हीं पाहिला. आणि आम्हीं काय केलें? उपासनेंत त्याचें उदाहरण दिलें. मंडळीपुढें म्हटलें कीं, पाहा, हा तरुण अर्धपोटीं राहतो, पण कोणाचें देणें ठेवीत नाहीं. अशी मुलें मंडळींत असावीं. तो खालीं मान घालून बसला होता. त्याची आई बायकांच्या बाजूस बसून पदरानें डोळे पुशीत होती. आम्हांस वाटलें, अभिमानानें.

सन २०२४ च्या मे महिन्यांत तो कामावर चक्कर येऊन पडला. खोकला दोन महिन्यांपासून होता, पण सुटी घेतली तर पगार कापतात म्हणून त्यानें कोणास सांगितलें नव्हतें. थुंकी तपासली, तेव्हां क्षय निघाला. क्षयाचा जंतु आपल्या देशांत पुष्कळांच्या अंगांत निजलेला असतो. शरीर पोसलेलें असेल तर तो बहुधा निजलेलाच राहतो, शरीर खंगलें कीं उठतो. झारखंडांत क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांस नियमानें शिधा देऊन जी मोठी पाहणी झाली व जिचा निष्कर्ष २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला, तींत असें दिसलें कीं, ज्या घरांत पुरेसें धान्य व डाळ पोंचली त्या घरांत नवे रोगी जवळजवळ ४० टक्क्यांनीं कमी झाले. औषध न देतां, केवळ खाऊं घालून. सरकारलाहि हें कळलें आहे. क्षयाचें औषध फुकट मिळतें तें मिळतेंच, परंतु निक्षय पोषण योजनेंतून रोग्याच्या खात्यांत आहारासाठीं वेगळे पैसे जमा होतात. तेव्हां महिना ५०० होत, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० होतात. अर्थात् माणूस आजारी पडल्यावर.

हिशेबाची वही आम्हीं नंतर त्याच्याजवळ बसून पाहिली. दहा महिन्यांत त्यानें ७१,३६० रुपये भरले होते. त्यांतून मुद्दल कमी झालें तें अवघें २७ हजार कांहीं. बाकीचें सर्व व्याजांत गेलें. पुढें सहा महिने औषध चाललें, पगार बंद, हप्ते बंद. त्या सहा महिन्यांत व्याज चढलें २५ हजारांवर. म्हणजे दहा महिने उपाशी राहून त्यानें जो खड्डा बुजविला, तो सहा महिन्यांच्या अंथरुणानें जवळजवळ तेवढाच पुनः खणला गेला. शिवाय ९० दिवस हप्ता थकला म्हणून बँकेच्या वहींत खातें बुडीताच्या वाटेवर लागलें, आणि ज्या मुलानें एकहि हप्ता चुकविला नव्हता त्याच्या नांवापुढें थकबाकीदार असा शिक्का बसला.

वाचकहो, ही उपासमार कोणाच्या उपयोगीं पडली? मुलाच्या नाहीं, हें उघड आहे. बँकेच्याहि नाहीं. आमच्या नाताळच्या उपदेशास मात्र एक उदाहरण मिळालें.

आतां प्रश्नाकडे वळूं. कर्ज फेडण्यासाठीं उपाशी राहणें हा सद्गुण आहे कीं नाहीं? आमचे कांहीं बंधु म्हणतील कीं, माणसानें वचन दिलें आहे. शरीर त्याचें स्वतःचें आहे. स्वतःचें झिजवून त्यानें परक्याचें परत केलें तर त्यांत थोरपण नाहीं तर काय? या म्हणण्यांत बळ आहे. सण साजरा न करणें, नवा सदरा न घेणें, चहाची दुसरी फेरी टाळणें, दुचाकीऐवजीं बसनें जाणें, हें सर्व देणेकऱ्यानें करावें आणि आनंदानें करावें. परंतु उपभोग सोडणें निराळें आणि बळ सोडणें निराळें. उपभोग माझा एकट्याचा असतो. तो मी सोडला तर दुसऱ्या कोणाचें जात नाहीं. बळ तसें नाहीं. त्या मुलाच्या बळावर त्याच्या बापाचें म्हातारपण उभें होतें, बहिणीचें शिक्षण उभें होतें, आणि (येथें आम्हांस आमचाच विचार उलटा करावा लागला) खुद्द बँकेचें कर्जहि उभें होतें. शेतीच्या कर्जाला शेत तारण असतें, सोन्याच्या कर्जाला सोनें. या कर्जाला बँकेनें कांहींच तारण घेतलें नव्हतें. मग तिनें चार लाख दिले कशावर? हा तरुण शिकेल आणि पुढें दहा वर्षें धडधाकट राहून काम करील, यावर. त्याचें शरीर हेंच तारण होतें. आणि तो महिन्याच्या महिन्यास त्या तारणाचा एकेक तुकडा विकून हप्ता भरीत होता. घर गहाण ठेवलेला मनुष्य त्याच घराचीं कौलें विकून व्याज देऊं लागला तर त्यास आपण प्रामाणिक म्हणूं काय? फार तर भोळा म्हणूं.

मोशेच्या नियमशास्त्रांत, अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायांत, एक लहानसा नियम आहे. तो आम्हीं शंभर वेळां वाचला असेल, आणि शंभर वेळां वरून गेलों असूं. सावकारानें ऋणकोचें जातें किंवा जात्याची वरची तळी गहाण म्हणून घेऊं नये, कारण तसें करणें म्हणजे त्याचा जीवच गहाण घेणें होय, असा त्याचा भावार्थ आहे. आमच्या आज्या पहाटे उठून जात्यावर बसत. त्यांस या नियमाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. वरची तळी गेली कीं घरांत ज्वारी असूनहि भाकर नाहीं. आणि भाकर नाहीं तर उद्यां मजुरी नाहीं. आणि मजुरी नाहीं तर सावकाराचेंहि कांहीं नाहीं. नियम ऋणकोवर दया करतो खराच, पण तो धनकोसहि शहाणपण शिकवितो.

आपल्या मुलखास हें शहाणपण फार महाग पडून मिळालें. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस बंद झाला, आणि इकडे वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. खामगांवची पेठ तेव्हां एवढी भरभराटली कीं १८७० मध्यें तेथपर्यंत आगगाडीचा फांटा आला. परंतु युद्ध संपतांच भाव उतरला, आणि भाव चढलेला असतांना काढलेलें कर्ज मात्र उतरलें नाहीं. पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांत १८७५ मध्यें कुणब्यांनीं सावकारांचे दस्तऐवज काढून जाळले. त्यानंतर १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं वेगळा कायदा झाला, आणि पुढें १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेच्या साठाव्या कलमांत स्पष्ट लिहिलें गेलें कीं, न्यायालयाचा हुकूमनामा झाला तरी ऋणकोचे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, कारागिराचीं हत्यारें, शेतकऱ्याचीं आवश्यक गुरें व बियाणें यांस जप्ती लागत नाहीं. तें कलम आजहि चालू आहे. पगारापैकीं पहिले एक हजार व उरलेल्याचे दोन-तृतीयांश त्याच कलमानें सुटतात. आमच्या त्या मुलाचा हिशेब करून पाहा. १६ हजारांतून एक हजार वजा; १५ हजारांचा तिसरा हिस्सा ५ हजार. म्हणजे उद्यां बँकेनें दावा लावून हुकूमनामा आणला असता, तरी न्यायालयानें त्याच्या पगारांतून महिना ५ हजारांहून अधिक कापलें नसतें. आणि तो आपण होऊन ७,१३६ भरीत होता, व आम्ही टाळ्या वाजवीत होतों.

येथें एखादा चतुर वाचक हळूच हांसेल आणि म्हणेल, मग ठरलें. ५ हजारच भरावे, किंवा तेहि भरूं नयेत. आमचा तसा अर्थ नाहीं. कायदा धनकोच्या हाताला सीमा घालतो. ऋणकोच्या मनाला तो सीमा घालीत नाहीं. कलमाच्या आड लपून ऐपत असतां न देणारे लोकहि आम्हीं पाहिले आहेत, आणि त्यांच्यासाठीं दारापुढें उभी असलेली मोटार पुरेसें उत्तर आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, देणें फेडण्याचा पहिला भाग पैसा नव्हे. पहिला भाग खरें बोलणें आहे. आपल्या लोकांस बँकेंत जाऊन, साहेब, एवढा हप्ता झेपत नाहीं, मुदत वाढवून द्या, असें म्हणण्याची लाज वाटते. उपाशी राहण्याची वाटत नाहीं. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायांत जामिनाच्या फांसांत सांपडलेल्यास जो सल्ला आहे तो अगदीं उलट आहे : झोंप घेण्याच्या आधीं ऊठ, जा, नम्र हो, आणि त्या शेजाऱ्यास गळ घाल. आणि हें हप्ता थकण्याच्या आधीं करावयाचें असतें. थकल्यावर गेलें तर तेंच बोलणें निमित्तासारखें वाटतें. अलीशाकडे आलेली ती विधवाहि घरांत लपून बसली नाहीं. सावकार मुलांस नेऊं पाहतो आहे असें तिनें येऊन उघड सांगितलें, आणि रिकामीं भांडीं मागावयास शेजाऱ्यांच्या दारीं गेली.

व्यवहाराच्या दोन गोष्टी येथेंच सांगून टाकतों, कारण त्या आम्हांस वेळेवर ठाऊक असत्या तर हा लेख लिहावा लागला नसता. पहिली अशी कीं, शिक्षण चालू असतां व्याज भरीत जावें. वरच्याच उदाहरणांत पहिल्या वर्षीं तें महिना ८३३ रुपये होतें. वेळच्या वेळीं भरलें असतें तर १ लाख ४० हजार मुद्दलांत चढले नसते, पुढचा हप्ता ७,१३६ ऐवजीं ५,२८६ बसला असता, आणि शेवटीं एकंदर ८२ हजार रुपये वांचले असते. अशा ऋणकोस कांहीं बँका व्याजांत एक टक्का सूटहि देतात. दुसरी गोष्ट अशी कीं, ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आंत आहे, त्याच्या मुलाचें शिक्षणकाळांतलें व्याज ठराविक अटींवर केंद्र सरकार भरतें. ही योजना २००९ पासून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेनें आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांस, निवडक संस्थांपुरती, व्याजांत तीन टक्क्यांची सवलतहि दिली आहे. अल्पसंख्याकांसाठीं असलेलें महामंडळ ख्रिस्ती विद्यार्थ्यांसहि अल्प व्याजानें कर्ज देतें. यांसाठीं तहसील कचेरींतला उत्पन्नाचा दाखला वेळेवर लागतो. आमच्या मुलानें तो दिलाच नाहीं. द्यावा लागतो हें त्यास कोणीं सांगितलें नाहीं. उपदेशकांनीं दहावी-बारावीच्या निकालानंतर पेढे खाण्याच्या आधीं ही चौकशी करावी, अशी आमची विनंति आहे.

आतां ताटाविषयीं. मुलगा बरा होऊं लागला तेव्हां डॉक्टरांनीं सांगितलें, चांगला आहार घे. तो शब्द ऐकून त्याच्या एका मित्रानें फोनवर पाहून एक यादी पाठविली : ओट्स, बदामाचें दूध, प्रोटीनची भुकटी, परदेशी फळें. महिन्याचा खर्च ४ हजारांच्या वर. म्हणजे आधीं कर्जासाठीं अन्न सोडलें, आतां अन्नासाठीं कर्ज बुडवावें! आरोग्याचीहि एक श्रीमंती चाल असते, आणि तिच्या मागें लागलेला गरीब मनुष्य वडापाव खाणाऱ्याहून शहाणा नसतो.

वास्तविक ज्या अन्नावर आपले आजे-पणजे नांगर धरीत तें अन्न काय होतें? ज्वारीची भाकर, तुरीचें वरण, अंबाडीची भाजी कण्या घालून, घोळ, माठ, जवसाची चटणी, शेंगदाणे, सणासुदीला गूळ. शंभर ग्रॅम ज्वारींत तंतु सुमारें १० ग्रॅम असतो, सडलेल्या पांढऱ्या तांदळांत तीनहि भरत नाहीं. लोहहि ज्वारींत कितीतरी अधिक. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें साल भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां शहरांतल्या उपाहारगृहांत ज्वारीचे नानाविध पदार्थ ताटांत आले. आमच्या खेड्यांत मात्र पाहुणा आला कीं भाकर झांकून ठेवतात आणि पोळी वाढतात. त्याच २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत मधुमेही लोकांचा आंकडा १० कोटींवर निघाला. तो रोग आतां केवळ शेटजींचा राहिला नाहीं. निंदणीला जाणाऱ्या बाईच्या रक्तांतहि साखर निघते.

पण येथेंहि उपदेश करून मोकळें होणें बरोबर नाहीं. ज्वारी खा, असें सांगणें सोपें आहे. शिधापत्रिकेवर गहूं-तांदूळ माणशीं पांच किलो, आणि २०२३ च्या आरंभापासून फुकट, मिळत असतां बाजारांतून ज्वारी विकत आणणें हें गरिबास परवडत नाहीं. शेतांत पिकवावी म्हटलें तर गेल्या चाळीस वर्षांत तिची जागा सोयाबीननें घेतली, आणि त्यास कारणें आहेत. ज्वारी पांखरांपासून राखावी लागते, रानडुकरें एका रात्रींत वाट लावतात, कापणी-खुडणीस मजूर लागतो, आणि भाव सोयाबीनएवढा येत नाहीं. कडबा मिळतो हें खरें, पण गुरें राहिलीं किती? शेतकरी मूर्ख म्हणून ज्वारी गेली नाहीं. तोहि कर्जाचाच हिशेब करीत होता : ज्या पिकाचे रोख पैसे येतात तें पेरावें, म्हणजे सोसायटीचें देणें देतां येईल. म्हणजे आमच्या मुलानें चाकणला जें एकट्यानें केलें, तेंच सबंध जिल्ह्यानें वावरांत केलें. हप्त्यासाठीं भाकर दिली.

आणि ताट दुसऱ्याच्या हातीं गेलें म्हणजे काय होतें, याचा एक विलक्षण दाखला याच जिल्ह्यांत जानेवारी २०२५ मध्यें पाहावयास मिळाला. शेगांव तालुक्यांत बोंडगांव व आसपासच्या खेड्यांत लोकांचे केस एकाएकीं गळूं लागले; तीन-चार दिवसांत टक्कल पडे, बायकांचेंहि. दिल्लीहून तज्ज्ञ आले. पाणी, रक्त, धान्य तपासलें. विंचूदंशावरील संशोधनासाठीं प्रसिद्ध असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीं आपल्या चाचण्यांवरून असें मत मांडलें कीं, बाहेरच्या प्रांतांतून शिधावाटपाच्या दुकानांत आलेल्या गव्हांत सेलेनियम नांवाचें द्रव्य प्रमाणाबाहेर होतें, व तेंच कारण असावें. त्या गांवच्या लोकांनीं कांहीं खादाडपणा केला नव्हता. जें मिळालें तें त्यांनीं खाल्लें. त्या पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत पाणी आधींच खारट. आतां घांसाचीहि शंका! हें वाचून फुकटचें धान्य टाकून द्या असें आम्ही म्हणत नाहीं. उपाशी राहण्यापेक्षां तें शतपटीनें बरें आहे. परंतु आहार सुधारणें हें एकेका माणसाच्या संयमाचें काम आहे, असें जें आम्ही समजत होतों तें अर्धेंच खरें आहे. अर्धा भाग वावराचा, दुकानाचा आणि सरकारचा आहे. ज्याच्या घरीं दोन एकर आहे त्यानें चार सऱ्या ज्वारीच्या आणि बांधावर अंबाडी-जवस घरापुरतें पेरावें, एवढें मात्र हातांतलें आहे. शेजारीं-शेजारीं मिळून पेरली तर पांखरेंहि वांटलीं जातात.

एक गोष्ट राहिली, आणि तीच आमच्या मनास अधिक लागली आहे. मुलगा आजारी होऊन घरीं आला तेव्हां आम्ही भेटीस गेलों. त्याची आई पाणी घेऊन आली. तिचें मनगट पाहून आम्हांस धक्का बसला. चौकशी करतां कळलें कीं, हप्ता सुरू झाल्यापासून तिनें वरण सोडलें होतें. डाळ शिजे ती नवऱ्यास व मुलीस. कोंबड्यांचीं अंडीं सर्व विकलीं जात. तिच्या वाट्यास भाकर आणि मिरचीचा ठेचा. मुलानें घरीं पाठविलेले २,५०० ती खर्च करीत नसे. त्याचा एखादा हप्ता चुकला तर असावे म्हणून डब्यांत ठेवी. आम्ही रागावलों. ती म्हणाली, "मले काय लागते, पाळकसाहेब? त्याचा हप्ता गेला म्हंजे माह्यं पोट भरते." नाताळाच्या दिवशीं ती कां रडत होती तें आम्हांस त्या वेळीं कळलें. आम्ही व्यासपीठावरून ज्या उपासाची स्तुति करीत होतों तो दोघांचा होता, आणि दुसऱ्याचें नांव आम्हांस ठाऊकच नव्हतें.

घरानें कमर कसली असें आपण म्हणतों. पण घराला कमर नसते, माणसांना असते, आणि कसली जाते ती बहुधा शेवटीं जेवणारीची. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या बायकांत शंभरीं ५७ पंडुरोगी निघाल्या. म्हणून कर्ज फेडण्यासाठीं काय सोडावें हा प्रश्न विचारतांना, तें कोणीं सोडावें हाहि विचारला पाहिजे, आणि तो घरांतल्या पुरुषानें मोठ्यानें विचारला पाहिजे, कारण बाई तो विचारणार नाहीं. कोणी म्हणेल, ती आपखुशीनें सोडते. आम्हांस आतां त्या आपखुशीचा भरंवसा वाटत नाहीं. जातें गहाण घेऊं नये असें धनकोस सांगितलें आहे. पण घरचेंच माणूस मुकाट्यानें आपल्या वाट्याची तळी उचलून देऊं लागलें तर ती घेणाऱ्यासहि तोच नियम लागतो.

मुलगा औषध पुरें करून ऑक्टोबर २०२४ नंतर पुनः कामास लागला. त्याच्याबरोबर आम्ही बँकेंत गेलों. अधिकारी तरुण होता. त्यानें कागद पाहिले, डॉक्टरचा दाखला घेतला, आणि मुदत पंधरा वर्षांवर नेण्याचा अर्ज लिहून घेतला. हप्ता आतां सुमारें ५,८०० आहे. तेरा-चौदाशें सुटले. परंतु मुदत वाढली म्हणून व्याजहि वाढलें. पहिल्या दहा वर्षांच्या हिशेबाशीं ताडून पाहतां एकंदर १ लाख ८० हजारांहून अधिक जास्त भरावे लागतील. तो आंकडा पाहून मुलानें आम्हांस विचारलें, वरण-भाकर खाण्यासाठीं एवढे पैसे देणें योग्य आहे काय? आम्हीं म्हटलें, आजाराचे सहा महिने किंमत लावून वजा कर, मग सांग. पगार वाढला तर आधीं फेडावें, असें त्यानें स्वतःच ठरविलें आहे, आणि त्यास कोणी अडवीत नाहीं. आतां तो आणि दोन सोबती मिळून खोलींत शिजवितात. ज्वारीचें पीठ लौकर कडू होतें म्हणून गांवाहून धान्य नेतो आणि थोडथोडें दळून आणतो. पहिले पंधरा दिवस भाकर तव्यावर जाण्याआधींच मोडे. मोडलेलीच खाल्ली, म्हणाला.

गेल्या पंधरवड्यांत आम्ही त्या गांवीं उपासनेस गेलों असतां त्याच घरीं जेवण होतें. अंबाडीची भाजी, भाकर आणि वरण. आम्हीं त्याच्या आईस पंक्तीस बसावयास सांगितलें, पण ती बसली नाहीं. तुमचें होऊं द्या, मग बसतें, म्हणाली. आम्ही हात धुवून ओसरीवर न जातां तेथेंच बसून राहिलों. शेवटीं तिनें लाजत आपलें ताट वाढून घेतलें. वाटींत वरण होतें. थोडें होतें, पण होतें.